हातांची ताकद आणि चाचणीचा भरवसा

कोणतीही गोष्ट केवळ ऐकली, लिहिलेली आढळली किंवा थोरांनी सांगितली म्हणून मानू नये, ती पारखून घ्यावी, असा उपदेश तथागतांनी केसमुत्तीच्या कालामांना केला. हाच निकष आम्ही शरीराच्या चाचण्यांनाही लावू इच्छितो.

भंडारा जिल्ह्यात हातांवर पोट असणारे आपले समाजबांधव पुष्कळ आहेत. धानाची रोवणी, बिडी वळणे, विटा वाहणे, डोक्यावर बोजा घेणे ही सारी हातांचीच कामे. एखाद्या मावशीला केस विंचरताना किंवा दोरीवर धुणे टाकताना दम लागतो, तेव्हा घरचे म्हणतात, "वय झाले." खांद्याचे काही स्नायू श्वास घेण्यासही मदत करतात. हात वर उचलून धरले की ते स्नायू हात पेलण्यात गुंततात, म्हणून फुप्फुसाच्या रुग्णाला अशा साध्या कामात धाप लागते. चालण्याच्या चाचणीत ही अडचण दिसेलच असे नाही.

त्यासाठी हातांच्या वेगळ्या चाचण्या आहेत. एका चाचणीत रुग्णासमोर चार खुंट्यांची फळी असते. दोन खुंट्या खांद्याच्या उंचीवर, दोन त्याहून वर. खालच्या प्रत्येक खुंटीवर १० कड्या असतात. दोन्ही हातांनी एकाच वेळी एकेक कडी वर न्यायची, सर्व झाल्या की खाली आणायच्या. ६ मिनिटांत हलवलेल्या एकूण कड्या हे गुण. दुसऱ्या चाचणीत ठोक्याच्या तालावर हलका दांडा पायरीपायरीने अधिक उंच न्यायचा असतो. सर्वात वरची पायरी गाठल्यावर दांड्याचे वजन वाढवत नेतात.

आता मुख्य प्रश्न: या आकड्यांवर भरवसा किती? त्याच माणसाची, तशाच स्थितीत, काही दिवसांनी पुन्हा चाचणी घेतल्यास उत्तर जवळपास तेच आले पाहिजे. तपासणारा बदलला तरीही तेच आले पाहिजे. यालाच विश्वसनीयता म्हणतात. फुप्फुसाच्या दीर्घकालीन आजाराच्या म्हणजे सीओपीडीच्या रुग्णांत या दोन्ही चाचण्या विश्वसनीय आढळल्या आहेत. तथापि दुसऱ्या खेपेस सरावानेच कड्या वाढू शकतात. म्हणून आधी एक सराव-फेरी द्यावी. फळीची उंची, सूचना व वेळ तीच ठेवावी. दोन-चार कड्या वाढल्या म्हणून औषध लागू पडले असे लगेच मानू नये.

विश्वसनीय चाचणी योग्यच असते, असेही नाही. दर वेळी २ किलो जास्त दाखवणारा तराजू एकसारखे उत्तर देतो, पण चुकीचे देतो. पोलीस भरतीत मुलांना ७.२६० किलोचा गोळा फेकावा लागतो. त्यातून क्षणाचा जोर कळतो, दिवसभर हात चालवण्याचा दम नव्हे. मुठीची पकड मोजणारे यंत्रही पकडच सांगते, खांद्याची सहनशक्ती नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, एका दिवसाच्या एका आकड्यावरून स्वतःला दुबळे ठरवू नका. तोच व्यायाम, त्याच वेळी, त्याच पद्धतीने करून वहीत नोंद ठेवा, आणि काही आठवड्यांचा कल पाहा. घरातील श्रमकरी माय-बापाला हात वर करताना धाप लागत असेल तर "वय झाले" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना तेवढेच नेमके सांगा. श्रम करणाऱ्याच्या तक्रारीला आकड्याचा आधार मिळाला, तर ती टाळणे कोणालाही कठीण जाते. आकडा मात्र पारखलेला असावा.

जयभीम.