शहराच्या निसर्गासाठी पैसा कुठून आणायचा?

टेकडी राखायची, तळे जिवंत ठेवायचे, नाल्याकाठची देशी झाडे जपायची असा विषय निघाला, की महापालिकेतून ठरलेले उत्तर येते : ‘तरतूद नाही.’ या उत्तरामागच्या काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज : हे वनखात्याचे काम आहे.
वस्तुस्थिती : 1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचे संरक्षण हे विषय तिथे नागरी संस्थांच्या कामांच्या यादीत आहेत. त्यामुळे अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद करणे हा महापालिकेच्याच अखत्यारीतला विषय आहे.

गैरसमज : झाडांसाठी वेगळा पैसा नसतोच.
वस्तुस्थिती : पुण्यातल्या मिळकतकराच्या बिलात सर्वसाधारण कर, अग्निशमन कर यांच्या जोडीला ‘वृक्षसंवर्धन कर’ अशी ओळ दिसते. अशा कराला आधार आहे तो महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याचा. एका घरामागे रक्कम किरकोळ असते, पण ती दरवर्षी येते. निगराणीला असाच पैसा लागतो.

गैरसमज : जैवविविधता समिती फक्त नोंदवही भरण्यापुरती.
वस्तुस्थिती : 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने व्यवस्थापन समिती नेमायची असते, आणि स्थानिक जैवविविधता निधीचीही तरतूद त्याच कायद्यात आहे. राज्य जैवविविधता मंडळाचे अनुदान या निधीत जमा होऊ शकते. हद्दीतली जैवसंपत्ती व्यापारासाठी गोळा करणाऱ्यांकडून समिती शुल्कही घेऊ शकते. शहरात या शुल्काचे उत्पन्न फार होणार नाही. पण निधीचे खातेच नसेल, तर अनुदान मागायचे कशाच्या जोरावर?

गैरसमज : कंपन्यांचा सीएसआर निधी पुरेसा आहे.
वस्तुस्थिती : 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे असतात. पर्यावरण त्यात येते. मात्र चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे. त्यानंतर तण काढायला, पाणी घालायला आणि रखवालदाराच्या पगाराला पैसे कोण देणार, हे करारातच ठरवून घ्यावे लागते.

गैरसमज : हरित कर्जरोखे काढले, की प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती : रोखे म्हणजे कर्ज, आणि ते व्याजासह फेडावे लागते. गाझियाबाद महापालिकेने 2021 मध्ये 150 कोटींचे हरित रोखे काढले ते सांडपाणी शुद्धीकरणासाठी. शुद्ध केलेले पाणी उद्योगांना विकून उत्पन्न मिळवायचे, अशी ती योजना. फुलपाखरांच्या बागेतून व्याज फिटत नाही. म्हणून रोख्यांचा पैसा सांडपाण्यासारख्या कमावत्या कामाला लावावा. घाण पाणी थांबले, की नदी-तळ्यांचा फायदा आपोआप होतो.

थोडक्यात, एकदाच्या कामाला अनुदान, सीएसआर किंवा कर्ज चालते. रोजच्या निगेला कराचेच उत्पन्न हवे. महाराष्ट्रातल्या महापालिका आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल मांडायचा असतो. तो मागून वाचा. वृक्षकर किती जमला, जैवविविधता निधीत किती आहे आणि तो कशावर खर्च झाला, हे त्यात सापडले नाही, तर आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला लेखी विचारा.