हिमनग : ‘न जाणारा’ प्रवासी

भूगोलाच्या पुस्तकात ‘हिमनग’ हा शब्द आला, की छत्रपती संभाजीनगरच्या वर्गातल्या मुलांना आठवतो तो दुकानाच्या पावतीवरचा नग : ‘साबण, ४ नग’. हिमनग म्हणजे बर्फाचा तुकडा, असा अर्थ ती लावतात. त्यांना हसू नये. तो तुकडा असतो हे खरेच आहे. शब्द मात्र दुसऱ्या वाटेने आला आहे.

संस्कृतात ‘ग’ म्हणजे जाणारा. आकाशातून (ख) जाणारा तो खग, छातीवर सरपटत जाणारा तो उरग आणि जो जातच नाही तो नग, म्हणजे पर्वत. हिमनग म्हणजे बर्फाचा पर्वत. इंग्रजीत डच भाषेच्या वाटेने आलेल्या ‘आइसबर्ग’ शब्दातही ‘बर्ग’ म्हणजे डोंगरच.

गंमत अशी, की हा ‘न जाणारा’ प्रवासाला निघालेला असतो. हिमनदी जमिनीवरून समुद्राकडे सरकते. तिचे टोक, किंवा समुद्रावर पसरलेला तिचा जाड थर तुटला की हिमनग सुटतो आणि वाऱ्याबरोबर, प्रवाहाबरोबर वाहू लागतो. अंटार्क्टिकाजवळचा ‘ए-२३ए’ हा हिमनग १९८६ साली सुटला. पण समुद्रतळावर रुतून तीस वर्षांहून अधिक काळ जागीच राहिला. तेवढा काळ तो शब्दशः ‘नग’ होता! पुढे तो मोकळा झाला. २०२३ साली त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,००० चौ. किमी. होते, आपल्या जिल्ह्याच्या जवळजवळ दोन-पंचमांश!

‘पर्वत’ म्हटल्याने मुलांना वाटते, की तो नेहमी तळावर उभा असतो. प्रत्यक्षात तो तरंगतो. एक घनमीटर बर्फाचे वस्तुमान सुमारे ९१७ किलो, तेवढ्याच समुद्रजलाचे सुमारे १,०२५ किलो. म्हणून हिमनगाचा जवळजवळ नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो.

वर्गात दोन पेले घ्या. पहिल्यात बर्फाचा खडा टाकून तो तरंगेल इतके पाणी काठोकाठ भरा. दुसरा नुसत्या पाण्याने काठोकाठ भरून त्यावर गाळणीत खडा ठेवा. काय होईल, ते मुलांना आधी वहीत लिहू द्या. खडे वितळल्यावर पहिल्यातले पाणी सांडत नाही, दुसऱ्यातले सांडते.

पहिला खडा हिमनग, दुसरा जमिनीवरची हिमनदी. समुद्राची पातळी मुख्यतः वाढते ती जमिनीवरचा बर्फ समुद्रात उतरल्याने. आधीच तरंगणारा हिमनग वितळल्याने ती जवळजवळ वाढत नाही. ‘ध्रुवावरचा बर्फ वितळला, की समुद्र वाढतो’ एवढेच सांगून थांबलो, तर हा फरक निसटतो. मुलांना विचारा : कोणता बर्फ?