इतका सज्जन, की भीती वाटावी!

चिनी मार्शल आर्ट कादंबऱ्यांमधला सगळ्यात थंड डोक्याचा व्हिलन ना आरडाओरडा करतो, ना खदाखदा हसतो. तो सगळ्यांशी अगदी नीट वागतो. भेटा युए बुछुनला...

व्हिलन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? गब्बर, मोगॅम्बो, नाहीतर शाकाल. एन्ट्रीलाच कळतं, की या माणसापासून चार हात लांब राहायला हवं. अड्डा, डायलॉग, हसणं... सगळं कसं लेबल लावल्यासारखं!

युए बुछुनचं तसं नाही. तो शांत बोलतो. दिसतो एखाद्या विद्वान प्रोफेसरसारखा, दाढीसुद्धा व्यवस्थित राखलेली. हुआशान पर्वतावरच्या तलवारबाजांच्या पंथाचा तो प्रमुख. शिष्यांना तलवारीआधी नीतीचे धडे देणारा. लोकांनी त्याला ठेवलेलं टोपणनावच मुळी 'सज्जन तलवार'. थोडक्यात काय, तर ज्याच्या टीममध्ये जायला आपण सगळे एका पायावर तयार होऊ, असा बॉस!

त्याला जन्माला घातलं जिन योंग यांनी. हाँगकाँगच्या या लेखकाने १९५९ साली 'मिंग पाओ' हे दैनिक सुरू केलं आणि त्यातच १९६७ ते १९६९ या काळात 'द स्मायलिंग, प्राउड वाँडरर' या नावाने इंग्रजीत ओळखली जाणारी कादंबरी क्रमशः लिहिली. तेव्हा शेजारी चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीचा धुमाकूळ सुरू होता. जिन योंग एकीकडे राजकारणावर अग्रलेख लिहीत होते आणि दुसरीकडे हा कपटी गुरू घडवत होते. (पुढे स्पॉयलर आहेत. नंतर तक्रार नको!)

मर्जरची टांगती तलवार

गोष्ट तशी कॉर्पोरेटच आहे. पाच पर्वतांवरचे पाच पंथ, त्यांची एक युती. युतीचा म्होरक्या झुओ लेंगछान याला पाचही पंथांचं मर्जर करून स्वतः सर्वेसर्वा व्हायचंय. तो दादागिरी करतो, धमक्या देतो, माणसं फोडतो. उघड उघड व्हिलन! त्याच्यापुढे हुआशान म्हणजे अगदीच छोटी कंपनी. युए बुछुनची भीती खोटी नाही, हे आधी मान्य करायला हवं. पंथ वाचवायचा तर ताकद हवी.

ती ताकद फूचौ शहरातल्या लिन घराण्याकडे असते, एका तलवारविद्येच्या गुप्त पोथीत. त्या पोथीसाठी दुसऱ्याच एका पंथाचे लोक लिन कुटुंबाची कत्तल करतात. वाचलेल्या पोराला, लिन पिंगझीला, युए बुछुन आसरा देतो, शिष्य करून घेतो. सगळे म्हणतात, वा, काय देवमाणूस! पण कत्तलीच्या आधीच या देवमाणसाने आपली मुलगी आणि एक शिष्य वेष बदलून फूचौजवळ पाठवलेले असतात. दारूचं दुकान थाटून ते तिथे नजर ठेवून असतात. म्हणजे साहेबांचा होमवर्क आधीच सुरू होता!

न बोलता केलेला घात

सगळ्यात जास्त चटका लावतो तो लिंगहू छोंग. युए बुछुनचा थोरला शिष्य, अनाथ, गुरू आणि गुरुपत्नीने पोटच्या पोरासारखा वाढवलेला. 'वाईट' लोकांशी दोस्ती केली म्हणून गुरू त्याला पंथातून हाकलतो आणि इतर पंथांना तसं पत्रानं कळवतोसुद्धा. तरी हा पठ्ठ्या जखमी अवस्थेत ती पोथी चोरांकडून परत मिळवतो. पोथी म्हणजे एका भिक्षूच्या वस्त्रावर लिहिलेला मजकूर. गुरूच्या दारात तो बेशुद्ध पडतो आणि जागा होतो तेव्हा वस्त्र गायब! संशय त्याच्यावरच. वस्त्र असतं गुरूकडे आणि गुरू शिष्याला बदनाम होऊ देतो. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

पोथीतली अट मात्र भयंकर. ही विद्या शिकायची तर आधी स्वतःचं पुरुषत्व कापून टाकायचं. युए बुछुन तेही करतो. आवाज बारीक होतो, दाढी गळू लागते. मग तो ती रोज गुपचूप चिकटवतो! बायकोला सगळं दिसत असतं.

शेवटी पाच पंथांची सभा भरते, तेव्हा हा गृहस्थ चक्क मर्जरला पाठिंबा देतो. का? कारण आता खुर्ची त्यालाच मिळणार असते. झुओचा हेर आपल्या घरात आहे हे ओळखून त्याने बनावट पोथी मुद्दाम चोरीला जाऊ दिलेली असते. झुओ तीच शिकून मैदानात उतरतो आणि दोन्ही डोळे गमावून बसतो.

संसदेत पोचलेली शिवी

हे कॅरेक्टर किती खरं उतरलं? जिन योंग यांनीच नंतर लिहून ठेवलंय, की कादंबरी सायगावच्या वर्तमानपत्रांत छापून येत होती तेव्हा दक्षिण व्हिएतनामच्या संसदेत सदस्य एकमेकांना 'तू युए बुछुन', 'तू झुओ लेंगछान' म्हणायचे. आजही चिनी भाषेत ढोंगी माणसाला त्याचं नाव चिकटवतात.

तुमच्या आसपास आहे का?

सज्जन दिसणारा प्रत्येक बॉस ढोंगी नसतो, उगाच संशयाने बघू नका. पण तीन गोष्टी तपासून बघाच.

- त्याच्या प्रत्येक उपकारातून शेवटी फायदा कोणाचा होतो?
- चूक झाली की बिल कोणाच्या नावावर फाटतं?
- तुमच्यावर खोटा आळ आला आणि खरं काय ते त्याला माहीत असेल, तर तो तोंड उघडतो का?

लिंगहू छोंगला हे प्रश्न फार उशिरा पडतात. तो मूर्ख नसतो. त्याला फक्त गुरूच्या रूपात बाप हवा असतो. आपल्यालाही पहिल्या नोकरीत तसा कोणीतरी हवाच असतो की!

आणि युए बुछुनचं काय होतं? बायको आत्महत्या करते. मुलीला तिचा नवराच, म्हणजे तो आसरा दिलेला लिन पिंगझी, मारून टाकतो. आणि या महान तलवारबाजाला संपवते कोण? एक भित्री, कोवळी भिक्षुणी. खुर्ची मिळाली, पण तिच्यासाठी घरातलं एकही माणूस त्याने शिल्लक ठेवलं नाही.