संमतीचा प्रश्न : विनय आणि कायदा

स्त्रीवर अत्याचार झाला की समाज प्रथम तिलाच जाब विचारतो. ती तेथे का गेली? तिने प्रतिकार का केला नाही? दोषाचा काही अंश तिच्याकडे असणारच, हे या प्रश्नांमागील गृहीत होय. विनयपिटकाने हे गृहीत प्राचीन काळीच नाकारले आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

उप्पलवण्णा थेरी भिक्षाटनास गेल्या असता एक तरुण त्यांच्या कुटीत लपून बसला व त्या परतल्यावर त्याने त्यांच्यावर बलात्कार केला. थेरींनी ही गोष्ट भिक्षुणींना सांगितली. मैथुन हा पहिला पाराजिक दोष. त्याचे प्रायश्चित्त म्हणजे संघातून च्युती. तथापि भगवंतांनी निर्णय दिला की, जिची अनुमती नव्हती तिला आपत्ती नाही. थेरींचे संघातील श्रेष्ठ स्थान अबाधित राहिले. धम्मपद-अट्ठकथेनुसार यानंतर भगवंतांनी पसेनदी राजास भिक्षुणींसाठी नगरात निवास बांधण्यास सुचविले. म्हणजे दोष पीडितेचा नव्हे, आणि सुरक्षिततेची जबाबदारी तिच्या एकटीची नव्हे.

आधुनिक न्यायव्यवस्थेला हे तत्त्व गाठण्यास विलंब लागला. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना दोषी ठरविले. परंतु अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. 1979 साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि 1983 साली कायदा बदलला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हे 2013 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे. भयाने शरीर जागीच थिजते, हे मानसशास्त्रही सांगते. मौन म्हणजे अनुमती नव्हे.

या हिंसेचे मूळ वासनेपेक्षा सत्तेत अधिक आहे. जात, पद, मालकी वा वय यांमुळे एकजण दुसऱ्यावर वर्चस्व गाजवू शकतो आणि शिक्षेचे भय नसते, तेथे धोका वाढतो. बहुसंख्य प्रकरणांत आरोपी परिचित असतो. म्हणून मुलींवर बंधने घालणे हा प्रतिबंध नव्हे. तिसऱ्या शीलाचा अर्थ मुलग्यांना समजावून सांगणे, नकाराचा आदर शिकविणे, आणि घरातील व वस्तीतील गुन्हेगारास पाठीशी न घालणे, हा खरा प्रतिबंध होय.

पीडितेचे सावरणे बव्हंशी पहिल्या ऐकणाऱ्यावर अवलंबून असते. तिचे म्हणणे शांतपणे ऐकावे. तिला दोष देऊ नये. शक्य तितक्या लवकर, 72 तासांच्या आत, तिला दवाखान्यात न्यावे. एचआयव्ही टाळण्याचे औषधोपचार त्या मुदतीतच परिणामकारक असतात, आणि गर्भधारणा टाळण्याचे औषध जितक्या लवकर घ्यावे तितके अधिक परिणामकारक असते. सरकारी वा खाजगी, कोणत्याही रुग्णालयाने तिच्यावर विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते. पीडिता अनुसूचित जाती-जमातीची असून आरोपी त्या समूहांतील नसल्यास 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लावण्याचा आग्रह धरावा. काय करावे याचा निर्णय मात्र सज्ञान स्त्रीच्या वतीने इतरांनी घेऊ नये. जिची अनुमती एकदा पायदळी तुडविली गेली, तिच्या अनुमतीचा मान राखणे हाच उपचाराचा आरंभ होय.

थेरींनी सांगितले आणि भिक्षुणींनी ऐकले, म्हणून न्याय झाला. आपल्या वस्तीत ऐकणारे असावेत, एवढी जबाबदारी आपली आहे.