दवाखान्याचा गणवेश : विकताना धुण्याचेही सांगा

परिचारिकांचे गणवेश शिवणाऱ्या-विकणाऱ्या बांधवांना गिऱ्हाईक भाव आणि रंग विचारते, धुण्याचे विचारत नाही. आम्ही ते आपणहून सांगतो. कारण या कपड्यांवरून जंतू घरात येऊ शकतात. मुलाबाळांच्या कपड्यांत ते मिसळू नयेत. रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात काढावा, गरम पाण्याने तो पक्का होतो. मग साबणपूड घालून ६० अंशांवर १० मिनिटे धुवावे, असा ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला आहे. टेरीकॉट एवढी उष्णता सोसते. सुती कापड आटते, म्हणून ते आम्ही शिलाईआधी भिजवूनच देतो. लायक्रा असलेल्या कापडाला ब्लीचिंग लावू नये, त्याचा ताण जातो. ब्लीचिंगमध्ये ॲसिड तर कधीच मिसळू नये. विषारी वायू निघतो.