चार्जर बदलला आणि लॅपटॉप मंदावला

जुना चार्जर बिघडतो, आपण बाजारातून तशाच पिनचा दुसरा आणतो. लॅपटॉप सुरू होतो, पण साधी एक्सेल फाइल उघडायलाही रखडतो आणि बॅटरीचा आकडा वर सरकत नाही. संशय लगेच व्हायरसवर जातो. आधी चार्जर तपासा.

चार्जर नुसती वीज देत नाही, स्वतःची ओळखही सांगतो. डेलच्या अनेक लॅपटॉपच्या गोल प्लगमध्ये मधोमध एक बारीक पिन असते. ती वीज पुरवण्यासाठी नसतेच. चार्जरमधल्या चिमुकल्या चिपवर नोंदलेली क्षमता, म्हणजे ६५ वॅट की ९० वॅट, ती लॅपटॉपला कळवते. पिन वाकली, वायर आतून तुटली किंवा नकली चार्जरमध्ये ती चिपच नसली, की ओळख पटत नाही. मग विहिरीला पाणी किती हे ठाऊक नसलेला शेतकरी पंप बेतानेच चालवतो, तसा लॅपटॉप वागतो. बॅटरी चार्ज करणे थांबवतो आणि प्रोसेसरचा वेग उतरवतो. ही खबरदारी योग्यच आहे, कारण कमी ताकदीच्या चार्जरवर पूर्ण भार पडला तर तो तापतो किंवा बंद पडतो.

खात्री करणे सोपे आहे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली प्रोसेसरचा वेग दिसतो. चार्जर काढल्यावर तो एकदम वाढला, तर दोष बहुधा चार्जरचा किंवा लॅपटॉपच्या चार्जिंग सॉकेटचा. मग त्याच क्षमतेचा दुसरा अस्सल चार्जर लावून पाहा. तरीही फरक पडला नाही, तर सॉकेट दुरुस्तीला द्या.