बोकड कुंथतो तो बद्धकोष्ठाने की मुतखड्याने?

"सायेब, बोकड सकायपासून कुंथते. हगतच नाई. पोटाचं काई औषध द्या."

पातूर तालुक्यातील एका खेड्यातून आलेल्या पशुपालकाची ही तक्रार. मी त्या वेळी नोकरीत अगदी नवा होतो. बोकड शेपटी झटकीत होता, मागचे पाय ताणून कुंथत होता. मालकाच्या सांगण्यावर विसंबून मी जुलाबाचे औषध दिले. तिसऱ्या दिवशी बोकड दगावला. पोट उघडून पाहिले तर मूत्राशय फुटलेले आणि मूत्रनलिकेच्या टोकाशी ज्वारीच्या कणीएवढा खडा अडकलेला! बकरी ईदच्या बाजारासाठी वर्षभर दारात बांधून पोसलेले ते जनावर होते. त्याच्या पैशांतून त्या घरी खरिपाचे बियाणे यायचे होते. मी एकदा पोटाखाली वाकून पाहिले असते तर ते वाचण्याचा संभव होता. म्हणून आजचा विषय.

खडा शेळीलाही होतो, पण तिची मूत्रनलिका आखूड व रुंद असल्याने तो लघवीबरोबर निघून जातो. बोकडाची नलिका लांब व बारीक असते, मध्ये दुहेरी वळसा घेते आणि टोकाला गांडुळासारख्या बारीक शेपटात संपते. खडा बहुधा या शेपटात किंवा त्या वळशात अडतो. बैलाच्या नलिकेलाही असाच वळसा असतो.

आता हा खडा येतो कोठून? पुष्कळांना वाटते, विहिरीचे पाणी जड म्हणून. पाण्याचा थोडाफार वाटा असेलही, परंतु आपल्या वऱ्हाडात पहिला संशय खुराकावर घ्यावा. हा कपाशीचा मुलूख. सरकीची ढेप घरोघरी. ढेप, गव्हाचा कोंडा आणि धान्य या तिन्हींत फॉस्फरस भरपूर व कॅल्शियम फार थोडे. जनावर कडबा, कुटार चघळते, रवंथ करते, तेव्हा भरपूर लाळ सुटते आणि जास्तीचे फॉस्फरस लाळेवाटे पोटात उतरून लेंड्यांबरोबर बाहेर पडते. बाजारात वजन भरावे म्हणून बोकडाला चारा कमी आणि ढेप-कोंडा जास्त दिला की लाळ कमी सुटते आणि तेच फॉस्फरस लघवीत उतरते. तेथे त्याचे वाळूसारखे कण जमतात. हिवाळ्यात जनावर पाणी कमी पिते, लघवी घट्ट होते आणि काम आणखी सोपे होते.

दुसरे कारण खच्चीकरणाची घाई. नराची मूत्रनलिका रुंद होण्यास वृषणांतील संप्रेरक लागते. करडू महिना-दीड महिन्याचे असतानाच खच्ची केले तर नलिका जन्मभर बारीकच राहते. आपले जुने शेतकरी गोऱ्हा चांगला दोन-अडीच वर्षांचा झाल्यावरच खच्ची करीत. त्यांनी संप्रेरकाचे नाव ऐकले नव्हते, पण रीत चुकीची नव्हती. बोकडाच्या बाबतीत निदान चार-पाच महिने थांबावे.

ओळखायचे कसे? बोकड वारंवार लघवीच्या पवित्र्यात उभा राहतो, पण थेंब थेंबच पडतो, किंवा तेही नाही. पोटावर लाथा मारतो, दात खातो, चारा सोडतो. लघवीच्या जागेचे केस पाहा. ते कोरडे असतील किंवा त्यांवर खरखरीत बारीक खडे चिकटलेले असतील. खात्री नसेल तर जागा झाडून कोरडी करावी, त्याला तेथे बांधावे आणि तास-दीड तास लक्ष ठेवावे. लेंड्या पडल्या पण जमीन ओली झाली नाही, तर दुखणे पोटाचे नव्हे.

आणि एक फसवी गोष्ट. दोन-तीन दिवस तडफडणारे जनावर अचानक शांत होते. मालकाला वाटते, बरे वाटले. बहुतेक वेळा त्याच क्षणी मूत्राशय फुटलेले असते. मग पोट दोन्ही बाजूंनी खाली उतरते, जनावर मलूल होते. नलिका फुटली तर पोटाखाली कातडीत लघवी साठून सूज येते.

अशा जनावराला गोडेतेल, जुलाब पाजू नये. पोट दाबू नये. लघवी पूर्ण बंद असताना नळीने पाणी पाजणे किंवा लघवी वाढविणारे औषध देणे म्हणजे मूत्राशय लवकर फोडणे. त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा. खडा टोकाच्या शेपटात असेल तर तेवढा भाग कापला की काम भागते. पुढे अशाच एका बोकडाची धार माझ्यासमोर सुटली, तेव्हा मालकापेक्षा मलाच जास्त हायसे वाटले. खडा वर असेल तर शस्त्रक्रियेने मूत्राशयात नळी बसवून लघवीला दुसरी वाट देतात आणि औषधाने खडा विरघळू देतात. यासाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था पातूरकरांना जवळची.

हे औषध म्हणजे अमोनियम क्लोराइड, आपला नवसागर. त्याने लघवी आम्लधर्मी होते व ढेपेमुळे झालेला खडा विरघळू लागतो. पण कल्हईचा नवसागर आणून घरी पाजू नये. तो शुद्ध नसतो, आणि मात्रा वजनावर ठरते.

खुराकात फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम असावे. त्यासाठी ढेप निम्मी करून तुरीचे कुटार व झाडपाला वाढवावा, खनिज मिश्रण द्यावे. खुराकात शेकडा एक ते दोन भाग मीठ घातले की जनावर आपोआप जास्त पाणी पिते. मात्र पाणी सतत समोर हवे, थंडीत कोमट असल्यास उत्तम.

गायी-बैलांची लघवी लाल होणे हा वेगळा विषय. ताप व अंगावर गोचिड असतील तर बहुधा गोचिडताप. नुकत्याच व्यालेल्या म्हशीला ताप नसून लघवी कॉफीसारखी झाली तर अनेकदा फॉस्फरसची कमतरता. तेथे कमी, येथे जास्त!

आता एका वाचक भगिनीचे पत्र. मुलाने गिनीपिग पाळला आहे, त्याची लघवी दुधासारखी गढूळ दिसते. थोडा गढूळपणा या प्राण्यात स्वाभाविक आहे, कारण त्याचे जास्तीचे कॅल्शियम लघवीवाटेच जाते. म्हणूनच त्याचा खडा बहुधा कॅल्शियमचा असतो आणि त्यावर नवसागराचा उपयोग नाही. त्याला लसूणघास व पालक रोज घालू नये. वाळलेले गवत मुख्य ठेवावे. 'क' जीवनसत्त्व त्याचे शरीर स्वतः तयार करीत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरचीचा तुकडा द्यावा. अंथरूण कोरडे असावे. लघवी करताना तो ओरडत असेल किंवा रक्त दिसत असेल तर पशुवैद्यकाला दाखवावे. घरात उरलेले अॅमॉक्सिसिलिन त्याला मुळीच पाजू नका. त्याच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मरून गिनीपिग काही दिवसांत दगावू शकतो.